ऑइलचं वय नंतर विचारा, आधी झाकण बघा



मे महिना अर्धा सरला. नांगरट आटोपली, पाळ्या चालू आहेत आणि मृगाच्या आधी ट्रॅक्टरचं ऑइल बदलायची गडबड सगळीकडं सुरू आहे. परवा गॅरेजवर बसलो होतो. एक पोरगा हातात अर्धा भरलेला ऑइलचा डबा घेऊन आला. म्हणाला, "तीन वर्षांखालचं हाय. चालंल का?"

तिथं आम्ही चौघं होतो. एक म्हणाला, "आरं, ऑइल काय दूध हाय का नासायला? टाक बिनधास्त." दुसरा म्हणाला, "दोन वर्षं झाली की फेकून द्यायचं, दुकानदारानं सांगितलंय मला." तिसरा म्हणाला, "नव्यात अर्धं मिसळ, कळत पण नाही." मिस्त्री म्हणाला, "फडक्यानं गाळून घे."

चौघांनी चार सल्ले दिले. पण डबा कुठं ठेवला होता, झाकण घट्ट होतं का, कुठल्या ट्रॅक्टरसाठी घेतला होता, हे त्या पोराला एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर सल्ला द्यायची गरजच पडली नसती. म्हणून ही नोंद. लांब आहे आणि थोडी चिडून लिहिलेली आहे, कारण या एका गोष्टीनं माझा एक हंगाम खाल्लाय.

आधी माझीच चूक सांगतो

आम्ही तिघा चुलतभावांनी मिळून ५० लिटरचा बॅरल घेतला होता. लिटरमागं स्वस्त पडतो, हा हिशोब. बॅरल शेडच्या बाहेर, पत्र्याच्या पागोळ्याखाली उभा. हातपंप काढल्यावर त्याचं बूच कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही. मग दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि तेच ठोकून बसवलं. असे दोन पावसाळे गेले.

तळातलं शेवटचं आठ लिटर माझ्या वाट्याला आलं. बादलीत काढलं तेव्हा जरा गढूळ दिसलं. मी चुलत्यांना दाखवलं. आबा म्हणाले, "जुनं ऑइल असंच दिसतंय." मोठ्या माणसाचा शब्द, आणि खरं सांगायचं तर मला पण पैसे वाचवायचे होते. ओतलं.

त्यानंतर शेणखताच्या चार-पाच खेपा केल्या, त्याही जवळच्या. इंजिन धड तापायच्या आत बंद. मग पावसाची वाट बघत ट्रॅक्टर महिनाभर जागेवर उभा. पेरणीच्या दिवशी चालू केला, दोन एकर झालं आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. मी काय करावं? "वायरिंगचा घोळ असेल" म्हणून आणखी एक एकर ओढलं. ही दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी.

मिस्त्रीनं चेंबर खोललं तर आत दुधाचा चहा. क्रँकवर गंजाचे ठिपके, बेअरिंगवर ओरखडे. पाणी रेडिएटरचं असेल म्हणून त्यानं गॅस्केट आणि लायनरच्या रिंगा तपासल्या, पण रेडिएटरची पातळी एक बोटसुद्धा उतरली नव्हती. मग घरी येऊन बॅरल आडवा केला. बुडातून आधी दोन तांबे पाणी निघालं, मग ऑइल.

क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगचा सेट, गॅस्केट, फिल्टर आणि मजुरी मिळून २६ हजार ४०० रुपये. ट्रॅक्टर बारा दिवस गॅरेजला. राहिलेल्या सहा एकरांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर शोधला, तर प्रत्येकाचा ट्रॅक्टर त्याच्याच वावरात. वापसा गेला, पुन्हा पाऊस लागला, सोयाबीन नऊ दिवस उशिरा पडलं. ते आठ लिटर ऑइल नवं घेतलं असतं तर अडीच-तीन हजारांत भागलं असतं.

क्रँक आधी किती झिजलेली होती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ट्रॅक्टर चार हजार तासांच्या पुढं गेलेला होता. पण बुडातलं दोन तांबे पाणी मी स्वतः ओतलंय, तेवढं मला पुरे आहे.

"जमिनीत कोट्यवधी वर्षं होतं, डब्यात काय होतंय?"

हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. ऐकायला एकदम बिनतोड वाटतो. पण जमिनीत होतं ते कच्चं तेल. ते तुमच्या इंजिनात ओतलं तर इंजिन एक दिवस टिकणार नाही.

डब्यातल्या ऑइलमध्ये साधारण ७५ ते ८५ टक्के मूळ तेल असतं. उरलेला भाग म्हणजे त्यात घातलेली रसायनं. काजळी धुणारं एक, धुतलेली काजळी तरंगत ठेवणारं दुसरं, फेस मोडणारं तिसरं, गंज रोखणारं चौथं. डिझेल जळताना तयार होणारं आम्ल मारणारं वेगळं. धातूवर धातू घासू नये म्हणून पातळ थर धरणारं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग वेगळं. थंडीत फार घट्ट होऊ नये आणि तापल्यावर फार पातळ होऊ नये यासाठी आणखी एक. डब्यावरचं १५डब्ल्यू-४० जमतं ते याच्याच जिवावर.

मूळ तेल पुष्कळ टिकतं, हे खरं. पण इंजिन वाचवायचं काम मोठ्या प्रमाणात ही रसायनं करतात आणि ती तेवढी सोशिक नसतात. पाणी शिरलं की त्यातली काही फुटतात, काही तळाला बसतात. उन्हात तापत राहिलं, उघडं राहून हवा लागत राहिली की ऑइल हळूहळू आंबतं, म्हणजे त्यात आम्ल वाढतं. तळाला बसलेलं डबा हलवून पुन्हा नीट मिसळेल, याचा भरवसा नाही.

लोणच्याचं उदाहरण घ्या. बरणी नीट बांधलेली असेल तर लोणचं दोन-तीन वर्षं सहज जातं. पण एकदा ओला हात लागला की महिन्यात बुरशी. आपल्या आया-बायका लोणच्याचं वर्ष विचारत बसत नाहीत, बरणीत कुणी ओला चमचा घातला ते विचारतात. ऑइललाही तोच प्रश्न आधी विचारायचा.

पाणी शिरतं कसं?

"झाकण लावलेलं होतं, मग पाणी कुठून आलं?" हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपं आहे. बॅरल श्वास घेतो. दिवसा ऊन लागलं की आतली हवा फुगते आणि बुचाच्या फटीतून बाहेर जाते. रात्री गार झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढलं जातं. बॅरल उभा असेल तर वरच्या कडेत पावसाचं पाणी साचलेलं असतं आणि बूच त्या पाण्यात बुडालेलं असतं. मग आत काय ओढलं जाणार? रोज थोडं थोडं. पाणी ऑइलपेक्षा जड, ते बुडाला जाऊन बसतं. वरून काढणाऱ्याला चांगलं ऑइल मिळतं, आणि शेवटचं काढणाऱ्याच्या नशिबी माझ्यासारखं.

म्हणून बॅरल बाहेर ठेवायचाच असेल तर आडवा ठेवायचा, आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असा. म्हणजे बुचावर आतून ऑइल राहतं आणि बाहेर पाणी साचत नाही. त्याहून बरं म्हणजे घरात, सावलीत, फळीवर. पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या फळीवर ठेवू नका, एप्रिलमध्ये त्या पत्र्याला हात लावून बघा म्हणजे कळेल.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना

"दोन वर्षं झाली, फेकून द्या" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. कारखान्याचं सील शाबूत असेल, डबा सावलीत आणि कोरड्या जागी असेल, तर पाच वर्षांपर्यंत ऑइल चालतं, असं बऱ्याच ऑइल कंपन्या स्वतःच सांगतात. काही जण कमी सांगतात. तुमच्या डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात जे असेल ते प्रमाण धरा. माझ्याकडं धान्याच्या खोलीत सीलबंद राहिलेला चार वर्षांचा डबा होता. मी तो वापरला आणि आजही त्याबद्दल मला काही वाटत नाही.

गरीब माणसाला चांगला डबा फेकायला लावणं हेही नुकसानच. आणि जो दुकानदार तुम्हाला दोन वर्षांचा नियम सांगतो, त्याच्याच फळीवरच्या डब्याची पॅकिंगची तारीख एकदा बघा. पॅकिंगचा महिना आणि वर्ष डब्यावर छापलेलं असतं. तुम्ही आज घेतलेला "नवा" डबा दुकानात दोन उन्हाळे काढून आलेला असू शकतो. बियाण्याच्या पिशवीची तारीख आपण बघतो, कीटकनाशकाची बघतो. ऑइलच्या डब्याची किती जण बघतात?

कंपन्यांनाही एक सांगणं आहे. पॅकिंगची तारीख छापता, तर सील न उघडता कधीपर्यंत आणि उघडल्यावर किती दिवस, हेही मराठीत मोठ्या अक्षरात छापा. बहुतेक डब्यांवर ते नसतं. आमच्यासारख्यांनी माहितीपत्रक कुठं शोधायचं?

उघडलेल्या डब्याला मात्र पाच वर्षांचा हिशोब लावू नका. मी स्वतः उघडलेला डबा, झाकण घट्ट असलं तरी, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत म्हणजे फार तर वर्षभर धरतो. त्यानंतर तो इंजिनात जात नाही.

"गाळून घे" आणि "मिसळून टाक"

फडक्यानं गाळून घेणं ही स्वतःच्या मनाची समजूत. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला ऑइलचा थर चालत्या इंजिनात काही मायक्रॉनचाच असतो. जी धूळ बेअरिंग खाते ती डोळ्याला दिसतही नाही आणि धोतराच्या फडक्यातून आरामात पलीकडं जाते. वर त्या फडक्याचेच धागे ऑइलमध्ये. आणि ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी फडकं अडवत नाही.

मिसळण्याचं म्हणाल, तर पातेलंभर दुधात चमचाभरच विरजण लागतं. खराब ऑइल चांगल्यात मिसळून ते चांगलं होत नाही. चार लिटर वाचवायला जाऊन आठ लिटर नासतं.

"आमच्या पंपाच्या इंजिनात तर काहीही चालतं"

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन खरंच सोशिक. त्याचे फेरे कमी, बांधणी जाड. त्यात तुम्ही वीस वर्षं काहीही घातलं असेल. पण "काही झालं नाही" म्हणजे "आपल्याला काही दिसलं नाही". झीज आवाज करून येत नाही. आणि त्या इंजिनाचा नियम आजच्या ट्रॅक्टरला लावता येत नाही.

इथं वयाचा खरा मुद्दा येतो, पण वेगळ्या वाटेनं. डब्यावर एपीआय म्हणून एक दर्जा लिहिलेला असतो: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ वगैरे. पहिलं सी म्हणजे डिझेल इंजिनसाठी. दुसरं अक्षर जसं पुढं जातं तसा दर्जा नवा. सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा. आजोबांच्या ट्रॅक्टरसाठी घेतलेला सीएफ-४ चा सीलबंद डबा ऑइल म्हणून नासलेला नसेलही, पण नातवाच्या नव्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात सीआय-४ लिहिलं असेल तर तो डबा त्या ट्रॅक्टरच्या कामाचा नाही.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यातल्या ज्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर आहे, त्यांना कमी राख होणारं ऑइल लागतं. तिथं घरातलं जुनं ऑइल ओतलं तर त्याची राख त्या फिल्टरमध्ये अडकून बसते, आणि तो फिल्टर बदलायचा खर्च विचारूच नका. तेव्हा ट्रॅक्टरसोबत आलेलं पुस्तक पेटीच्या तळातून बाहेर काढा. त्यात जो दर्जा आणि जो नंबर आहे तोच घ्या.

बिनलेबलचा डबा असेल तर विषयच संपला. ते इंजिनचं आहे, गिअरचं आहे की हायड्रॉलिकचं, हे बोटांनी चोळून कुणालाही सांगता येत नाही, मिस्त्री कितीही जुना असो.

घरची तपासणी

सोयाबीनचं घरचं बी पेरायच्या आधी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो. सत्तर उगवले तर पेरतो. शंकेच्या ऑइललाही तसं बघता येतं.

एक, पारदर्शक बाटलीत घेऊन एक दिवस स्थिर ठेवा. गढूळपणा, दुधाळ रंग, तळाला पाण्याची रेघ किंवा गाळ दिसला की नापास.

दोन, वास घ्या. डिझेलचा, औषधाचा किंवा आंबूस वास आला की नापास. फवारणीच्या औषधाच्या जुन्या कॅनमध्ये ऑइल ठेवणारे लोक आहेत आपल्यात, म्हणून सांगतो.

तीन, पत्र्याचा जुना तुकडा चांगला तापवा, पण धूर निघेल इतका नाही. काडीनं एकच थेंब टाका. तडतडला, बुडबुडे आले तर पाणी आहे. घरचा तवा वापरू नका, डोळ्यांना चष्मा लावा, लेकरं लांब ठेवा.

मात्र एक लक्षात ठेवा. बियाण्याच्या तपासणीत पास झालेलं बी पेरता येतं. इथं तसं नाही. ही तपासणी ऑइलला नापास करू शकते, पास करू शकत नाही. आतली रसायनं किती शिल्लक आहेत, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, आणि दोन-तीन लिटरसाठी प्रयोगशाळा परवडत नाही. म्हणून तपासणीत निभावलं तरी उघड्या, तारीख नसलेल्या डब्याला इंजिनात जागा नाही.

मग त्या डब्याचं काय करायचं?

शंकेचं पण न वापरलेलं ऑइल नांगराच्या फाळाला, पेरणीयंत्राच्या दात्यांना, बिजागऱ्यांना लावा. पावसाळ्यात गंज धरणार नाही. विहिरीत, ओढ्यात, बांधावर ओतू नका.

आणि इंजिनातून निघालेलं काळं ऑइल ही वेगळीच गोष्ट. त्यात धातूची झीज असते, आम्ल असतं, जळण्यातून आलेली कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. ते खरजेवर म्हणून जनावराच्या अंगाला चोळायची पद्धत अजून आहे. बंद करा. जनावर ते चाटतं. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते वेगळ्या डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याकडं जाईल अशा ठिकाणीच द्या.

उरतंच कशाला, हा मूळ प्रश्न

आपल्याकडं ऑइल साठतं, कारण आपण गरजेपेक्षा जास्त घेतो. लहान शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वर्षाला तीनशे-चारशे तास चालतो. ऑइल बदली होते एकदा, फार तर दोनदा. चेंबरला लागतं सात-आठ लिटर. त्यासाठी वीस लिटरची बादली घेतली की बारा लिटर वर्षभर उघडं राहणार. लिटरमागं वाचलेले वीस-तीस रुपये त्या बारा लिटरमध्ये बुडतात. लागेल तेवढंच, लहान सीलबंद डब्यात घ्या. बॅरल घ्यायचा तर सगळ्यांनी एकाच आठवड्यात बदली करून रिकामा करा.

आणि तास भरले नाहीत म्हणून चेंबरमधलं ऑइल दोन-दोन वर्षं ठेवू नका. ते पण साठवलेलंच ऑइल आहे, आणि डब्यातल्यापेक्षा वाईट हालतीत, कारण त्यात आधीच काजळी, आम्ल आणि ओलावा आहे. पुस्तकातले तास किंवा वर्ष, जे आधी भरेल ते.

कृषी खात्यातले मित्र इथं वाचतात, त्यांना एक विनंती. शेतीशाळेत फवारणीचा पंप धुवायला शिकवता, बियाण्याची उगवण तपासायला शिकवता, फार चांगलं करता. एक दिवस आमच्या शेडमध्ये पण या. पेरणीच्या दिवशी बंद पडलेल्या ट्रॅक्टरमुळं वापसा हुकतो, तो बीजप्रक्रियेनं भरून निघत नाही.

आमचा तो बॅरल आता रिकामा आहे. आबांनी त्याला कापून जनावरांचं पाण्याचं टाकं करायचं ठरवलं होतं, मी करू दिलं नाही. भंगारात घातला. आबा दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण यंदा ऑइल आणायला तालुक्याला निघालो तेव्हा त्यांनीच मागून आवाज दिला, "तारीख बघून घे रं, आन् झाकण तिथंच दाबून बघ."

त्या पोराचं काय झालं, तेवढं राहिलं. मी त्याला विचारलं, डबा कुठं होता? म्हणाला, "गोठ्यात. झाकण उंदरानं कुरतडलंय, म्हणून चिंधी कोंबलीय." मिस्त्रीनं स्वतःच तो डबा उचलला आणि गॅरेजच्या कोपऱ्यात, फाळ-पासांना लावायच्या ऑइलजवळ ठेवून दिला.

आज संध्याकाळी गुरांना वैरण टाकली की बॅटरी घेऊन तुमच्या शेडमध्ये पण एक फेरी मारा.